दोघांची गाडी, दोघांपुरतीच

बाळा, सूनबाई,

मोटरहोम घ्यायची तर कुठली घ्यावी, आणि लो-प्रोफाइल म्हणतात ती बुटकी गाडी आपल्या मावळात चालेल का, असं तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत. हे फोनवर सांगून भागणारं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. माझी हयात भोसरीच्या शेडमध्ये बसच्या बॉड्या बांधण्यात गेली आणि घर वडगावात. गाडीचा पत्रा आणि मावळचा पाऊस, दोन्हींशी जन्माचा संबंध आला. त्या जोरावर सांगतो. पटेल तेवढं घ्या.

गाडी बघायला बाहेर पडण्याआधी घरात बसून एक गोष्ट ठरवून टाका. ही गाडी तुम्हा दोघांची आहे. आपल्याकडे गाडी घ्यायची म्हटलं की आधी माणसं मोजतात. लेक-जावई आले तर, नातवंडं आली तर, सगळे मिळून एकवीरेला निघालो तर. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो तुम्हाला सहा जणांच्या निजण्याची सोय उघडून दाखवेल. त्यातल्या चार जागा बहुतेक वर्षभर रिकाम्या राहतील, पण त्यांचं वजन, त्यांची उंची आणि त्यांच्यातून होणारी गळती तुम्ही रोज वागवाल. पाहुणे आले तर त्यांना लोणावळ्यात चांगली खोली घेऊन द्या आणि संध्याकाळी जेवायला गाडीवर बोलवा. पुढचं जे काही सांगणार आहे, ते सगळं या एका निर्णयावर उभं आहे.

युरोपात या गाड्यांच्या ढोबळ चार ठेवणी आहेत. एक, सगळा पुढचा भागच नव्यानं बांधलेली, बससारख्या मोठ्या काचेची. दुसरी, ड्रायव्हरच्या केबिनवर पुढं झुकलेली पेटी आणि तिच्यात डबल बेड. तिसरी तुमची लो-प्रोफाइल : मूळ केबिन तशीच, तिच्या डोक्यावर बेड नाही, उतरता टप आणि मागं घर. चौथी म्हणजे कारखान्यातून आलेल्या पत्र्याच्या व्हॅनमध्येच आतून केलेली सोय. केबिनवरचा तो बेड मुलांसाठी आणि पाहुण्यांसाठी असतो. दोघांना त्याचा उपयोग नाही. तो काढला की गाडी तीन मीटरच्या खाली येते, वारा कमी अडवते आणि वळणावर कमी डुलते. म्हणून तिकडं दोघंच फिरणारी माणसं बहुतेक लो-प्रोफाइल नाहीतर व्हॅन घेतात.

आपल्याकडे त्या झुकलेल्या पेटीचा आणखी एक दोष आहे, आणि मला तोच सगळ्यांत मोठा वाटतो. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढंमागं पाऊस पडतो, आणि तो सरळ पडत नाही. लायन्स पॉइंटला उभं राहिलं की पाऊस दरीतून वर येतो हे तुम्ही लहानपणी पाहिलेलं आहे. गाडी ऐंशीच्या वेगानं चालली की पुढच्या झुकलेल्या तोंडावर तेच पाणी जोरानं आदळतं आणि तिथला सांधा शोधतं. एप्रिल-मेच्या उन्हात टप तापून पसरतो, रात्री आकसतो, सीलंटला केसाएवढी चीर जाते. मे महिन्यात कुणाला काही कळत नाही. मृगाची पहिली सर आली की वरच्या बेडची गादी ओली होते. ती तुम्ही वापरत नसल्यामुळं ओली झाल्याचं कळतं श्रावणात, तोवर आतलं प्लाय कुजलेलं असतं.

म्हणून टप बघताना शोभा बघू नका, भोकं मोजा. वरची उघडणारी खिडकी, एसीचं भोक, सोलरच्या वायरी, डिशचा खांब, प्रत्येक भोक म्हणजे उद्याची गळती. माझा सल्ला असा की टपाला हवा खेळायला एक खिडकी आणि सोलरच्या वायरींचं एक भोक पुरे. सोलरची पट्टी शक्यतो आहे त्याच रेल्सवर बसवून घ्या, टपात नवीन स्क्रू मारू देऊ नका. आणि आतलं फर्निचर कशाचं आहे ते विचारा. साधं कमर्शियल प्लाय मावळात दोन पावसाळ्यांतच फुगायला लागतं. आयएस ७१० चा शिक्का असलेलं मरीन प्लाय हवं, आणि त्याच्या कापलेल्या कडाही बंद केलेल्या हव्यात. पाणी शिरतं ते कडेतूनच. शिक्का दिसला नाही तर खणाचा तळ काढून दाखवायला सांगा. चांगला कारागीर आनंदानं दाखवतो.

आता कडक अर्थानं बघायचं तर लो-प्रोफाइल म्हणजे चॅसीवर वेगळी बांधलेली पेटी. युरोपातल्या या गाड्या साधारण २.३ मीटर रुंद असतात. आपल्या भागातला एकपदरी डांबरी रस्ता ३.७५ मीटरचा, आणि वाड्यावस्त्यांकडं जाणारा तर कित्येक ठिकाणी तीनच मीटरचा. समोरून भाताच्या पेंढ्यांनी भरलेला ट्रॅक्टर आला की कुणीतरी साइडपट्टीवर उतरायचं, आणि पावसाळ्यात साइडपट्टी म्हणजे चिखल. म्हणून मी म्हणेन, पेटी सोडा आणि व्हॅनच घ्या. दोन मीटरच्या आसपास रुंदी, सहा मीटरच्या आत लांबी, आत उभं राहता येईल एवढी उंची. हीच आपली लो-प्रोफाइल. कारखान्यात दाबून, वेल्डिंग करून आलेल्या पत्र्याला शेडमध्ये बांधलेल्या पेटीपेक्षा सांधे फार कमी असतात. बॉडी बांधणारा माणूस हे सांगतो आहे, तेव्हा ऐका.

तरीही पेटीवाली गाडी मनात भरली, तर खाली वाकून एवढं बघा : पेटीचे आडवे बीम चॅसीला यू-बोल्टनं आवळलेत की वेल्डिंग केलंय. चॅसीच्या फ्रेमला वेल्डिंगचा चटका बसला की लोखंड तिथं कमजोर होतं आणि खड्ड्यात आपटून आपटून तडा जातो. वेल्डिंग दिसलं तर चहासुद्धा न घेता परत फिरा.

व्हॅन कुठली? आपल्या घराजवळच्याच गाड्यांबद्दल बोलतो. आकुर्डीची कंपनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो म्हणून सुरू झाली, २००५ मध्ये तिचं नाव फोर्स मोटर्स झालं. त्यांची ट्रॅव्हलर ही मूळची मर्सिडीझच्या जुन्या व्हॅनच्या घराण्यातली. लग्नाची वऱ्हाडं, शाळेची मुलं, रुग्णवाहिका, सगळं तिनं वाहिलंय. कुठल्याही तालुक्याच्या गावात तिचं काम येणारा मेकॅनिक आणि स्पेअर मिळतो, हा तिचा सगळ्यांत मोठा गुण, आणि फिरणाऱ्या माणसाला तो लाखमोलाचा. दोष असा की इंजिनचं झाकण ड्रायव्हर आणि शेजारची सीट यांच्या मधोमध वर आलेलं असतं. त्याची उष्णता पायाला लागते आणि केबिनमधून मागं जाताना ते ओलांडावं लागतं. त्यांचीच अर्बेनिया अलीकडची. तिची बॉडी आणि चॅसी एकसंध असते, बसायला-चालवायला ती मोटारीच्या जवळ जाते. पैसे जास्त पडतात. टाटांची विंगर २००७ पासून रस्त्यावर आहे. मुळात रेनोच्या व्हॅनवरून आलेली, तिची पुढची चाकं गाडी ओढतात. त्यामुळं मागं जाणारा दांडा नाही, फरशी खाली, चढ-उतार सोपा. गुडघे दुखणाऱ्यांना ती फार बरी.

पण पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाडीचं मावळातलं गणित नीट समजून घ्या. चढावर गाडीचं वजन मागं सरकतं. त्यात तुमची पाण्याची टाकी, बेड, सामान सगळं मागच्या धुऱ्याच्याही मागं असेल तर पुढची चाकं हलकी पडतात. भाज्यावरून गायमुख खिंडीकडं चढताना, वरून पाणी वाहतंय, डांबरावर शेवाळ धरलंय, अशा जागी ती जागच्या जागी फिरायला लागतात. मागच्या चाकांवर ढकलणारी गाडी अशा ठिकाणी भरलेली असली की उलट चांगली पकडते. तेव्हा विंगर घेतलीत तर पाण्याची टाकी दोन्ही धुऱ्यांच्या मध्ये, जमेल तेवढी पुढं बसवून घ्या. लोहगडवाडीचा हा रस्ता सोडणार असाल तर प्रश्न नाही, पण तो तुम्ही सोडणार नाही हे मला माहीत आहे. २०२५ च्या जुलैत लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्यापासून तर सगळ्यांनाच तिथं जायचं असतं.

मागचा भाग धुऱ्याच्या पलीकडं किती बाहेर आलाय तेही पाहा. कायद्यानं तो पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या ६० टक्क्यांपुढं जाऊ नये. मी म्हणतो चाळिसाच्या आतच ठेवा. डांबरी रस्त्यावरून शेतातल्या बांधाशी उतरताना शेपूट घासतं आणि सांडपाण्याचा पाइप नेमका तिथंच असतो.

आता वजन. याच्याकडं सगळे दुर्लक्ष करतात आणि घाटात तेच अंगावर येतं. आरसी बुकात दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरल्या गाडीचं कमाल वजन. समजा ते ३,१०० आणि ३,७०० किलो आहेत. म्हणजे तुमच्या हातात ६०० किलो. तुम्ही दोघं १४०. शंभर लिटर पाणी म्हणजे बरोबर १०० किलो. बॅटरी २५, बाहेर ओढायचा छत्रीसारखा पडदा ३०, टेबल-खुर्च्या १५, गॅस १२, भांडी-धान्य-कपडे-अंथरूण धरून ८०. चारशे होऊन गेले. उरलेल्या दोनशेत एसी, जनरेटर आणि दोन पाहुणे घातले की काटा टोकाला गेला. म्हणून म्हणालो, गाडी दोघांची. पैसे देण्याआधी गाडी वजनकाट्यावर घाला : एकदा पूर्ण, एकदा फक्त पुढची चाकं, एकदा फक्त मागची. आरसीवरचा आकडा मूळ व्हॅनचा आणि आत घातलेलं घर वेगळं, असं निघालं तर तिथंच थांबा. लायसनची काळजी करू नका. साध्या मोटारीच्या लायसनवर ७,५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा पक्कं केलंय.

वजनाचं आणखी एक कारण आहे. आंदर मावळात आणि नाणे मावळात ओढ्यांवर जुने साकव आहेत, कित्येकांवर क्षमतेची पाटीच नाही. इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी गर्दीच्या भारानं कोसळला आणि माणसं गेली. तो पायी जाण्याचा पूल होता, पण जुन्या लोखंडावर भरवसा ठेवायचा नाही एवढं त्यातून घ्या. पाटी नसलेल्या साकवावर गाडी घालू नका. अलीकडं लावा आणि चालत जा.

निजायच्या जागेबद्दल सूनबाई तू ठरव, कारण रात्री उठायचं कुणाला लागतं हे तुलाच ठाऊक. शोरूममध्ये सगळ्यांत देखणा दिसतो तो मागच्या बाजूला आडवा घातलेला डबल बेड. त्यात एक माणूस भिंतीकडं आणि एक वाटेकडं. भिंतीकडच्याला मोरीत जायचं असलं की दुसऱ्याला ओलांडून जावं लागतं. पन्नाशीनंतर हे रोज होतं. शिवाय आडवा बेड म्हणजे गाडीच्या रुंदीएवढाच लांब, बाळासारख्या उंच माणसाचे पाय पत्र्याला टेकतात आणि लोणावळ्याच्या थंडीत तो पत्रा गार असतो. दोन्ही बाजूंना दोन सरळ बाक, मध्ये चालायला वाट, रात्री बाकांवर गाद्या, ही ठेवण दिसायला साधी आहे, पण माझ्या मते दोघांसाठी तीच सर्वांत चांगली. दिवसा बसायला होते, एकाला ताप आला तर दुसऱ्याची झोप मोडत नाही, आणि मधल्या वाटेवर फळी टाकली की एकत्र निजता येतं. रोज बेड उघडायचा-मिटायचा असली कसरत मात्र घेऊ नका. चार दिवस हौस वाटते, मग कंटाळून तुम्ही तो उघडाच ठेवाल आणि बसायला जागा राहणार नाही.

केबिनमधून मागं, बाहेर न उतरता जाता आलंच पाहिजे. धो धो पावसात हे सोयीचं, आणि रात्री आडरानात कुणी दार ठोठावलं तर तुम्ही सरळ पुढं जाऊन गाडी चालू करू शकता. दोघांनीही ते करून पाहा, सूनबाईनं साडीत सुद्धा.

गॅसचं आता नीट लक्ष देऊन वाचा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की फरशीवर साचतो. म्हणून सिलिंडरची पेटी आतल्या बाजूनं पूर्ण बंद हवी, तिचं दार बाहेरून उघडणारं हवं आणि तिच्या तळाला थेट खाली जाणारं भोक हवं. ते भोक विकणारा कधी कधी धूळ येते म्हणून बुजवून टाकतो. बोट घालून बघा. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत घालू नका. पाच किलोचा छोटा मिळतो, तो दोघांना बरेच दिवस पुरतो. इंद्रायणी तांदूळ शिजायला वेळ घेत नाही. आपल्या वडगावच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेला हा वाण. फिरताना तोच बरोबर ठेवा, मऊ भात आणि वरण झटकन होतं. फोडणी मात्र दाराजवळ किंवा बाहेर पडद्याखाली घाला. बंद गाडीतला कुकरचा वाफारा आणि फोडणीचा तेलकट धूर गादीला, पडद्याला बसतो आणि पावसाळ्यात त्यावरच बुरशी चढते. म्हणून ओटा दाराला लागून असलेली गाडी निवडा.

आणि कोळशाची शेगडी कुठल्याही थंडीत आत आणायची नाही. पवनेच्या काठावर तंबूवाल्यांकडं सर्रास शेगड्या पेटतात. निखारे विझल्यासारखे दिसले म्हणून उबेसाठी आत घेण्याचा मोह होतो. त्यातून जो वायू निघतो त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला माणूस उठत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बाजारात मिळतो, तो डोक्याजवळ लावा. यात काटकसर करू नका.

विजेचं थोडक्यात सांगतो. बारा व्होल्टची दोनशे अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे सुमारे अडीच युनिट. फ्रिज दिवसाला अर्धा युनिट, दिवे-पंखा त्याहून कमी, इंडक्शनवर अर्धा तास स्वयंपाक केला तर सुमारे अर्धा-पाऊण युनिट. एवढ्यात दीड-दोन दिवस निघतात. एक टनाचा एसी दोन-अडीच तासांत सगळं संपवतो, आणि मावळात रात्री एसी कशाला हवा? आषाढात सोलर जवळजवळ काही देत नाही, तेव्हा गाडी चालताना इंजिनवरून बॅटरी भरेल अशी जोडणी करून घ्या. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलंय, त्यात अशा गाड्यांना वीज, पाणी, स्वच्छतागृह असलेल्या जागा अपेक्षित आहेत. निघण्याआधी कार्ल्याच्या एमटीडीसीच्या निवासात फोन करून गाडी लावायला आणि प्लगला काय म्हणतात ते विचारून ठेवा.

पाणी जपून वापरलं तर दोघांना दिवसाला पंचवीस-तीस लिटर पुरतं, म्हणजे शंभरच्या टाकीत तीन दिवस. मोठी टाकी मागू नका, वजनाचं गणित वर सांगितलंच. संडासाला बाहेरून ओढून काढता येणारी पेटी असते, अठरा-वीस लिटरची. परदेशी हिशेबात ती तीन दिवस चालते, आपण धुतो म्हणून दीड-दोन दिवसांत भरते. दुसरी एक जास्तीची पेटी विकत घेऊन ठेवा.

ती पेटी आणि सांडपाणी रिकामं करताना मात्र तुम्ही कुठं उभे आहात ते लक्षात ठेवा. पवना धरणाचं पाणी नदीनं रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून पिंपरी-चिंचवडच्या नळाला. तुमच्या स्वतःच्या घरातल्या नळाला. या पाण्याच्या बंद जलवाहिनीवरून ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरला एक्स्प्रेस वेवर आंदोलन झालं, गोळीबार झाला आणि मावळच्या तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. त्या काठावर उभं राहून साबणाचं पाणी ओढ्यात सोडणं मला सहन होणार नाही. सांडपाण्याची टाकी स्वच्छ पाण्याच्या टाकीएवढीच हवी. लहान असली की माणूस वाटेत नळ उघडतो. संडासाची पेटी ज्याच्याकडं मुक्काम कराल त्याच्या परवानगीनं त्याच्याच संडासात रिकामी करा, धुऊन काढा आणि त्याचे पैसे द्या.

कागदाशिवाय गाडीला हात लावू नका. जुनी रुग्णवाहिका किंवा शाळेची बस स्वस्तात घेऊन गल्लीतल्या गॅरेजात आत बेड मारून देणारे पुष्कळ आहेत. काम देखणं करतातही. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ गाडीत असे बदल मनाला येतील तसे करता येत नाहीत, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं ते ठणकावून सांगितलंय. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. बांधणाऱ्याकडं त्याप्रमाणे मंजुरी आहे का, हा पहिला प्रश्न विचारा. कोथरूडची एआरएआय अशा मंजुऱ्या देणाऱ्या संस्थांपैकी एक आहे, म्हणजे कागद खरा की खोटा ते तुम्हाला पुण्यातच कळू शकतं. पासिंग होताना आरसीवर गाडीचा वर्ग खासगी वापराची कॅम्पर व्हॅन असाच पडला पाहिजे. आरसीवर रुग्णवाहिका लिहिलेलं आणि आत बेड, अशा गाडीला अपघात झाला तर विमावाले हात वर करतील. आतल्या फर्निचरची, बॅटरीची किंमतही विम्यात धरून घ्या.

आता परीक्षा. गाडी पसंत पडली की लगेच बयाणा देऊ नका. तशीच एखादी गाडी भाड्यानं घ्या, आणि ती जानेवारीत नको, आषाढात घ्या. जानेवारीत मावळात कुठलीही गाडी सुखाची वाटते. शनिवार-रविवार टाळा, नाहीतर दोन दिवस लोणावळ्याच्या कोंडीतच जातील. चैत्रात एकवीरेची यात्रा असते तेव्हाही कार्ल्याचा फाटा टाळा. तळेगावाहून जुन्या हायवेनं कामशेत, तिथून आत वळून पवनानगर, मग दुधिवरे खिंडीतून लोणावळा, असा मार्ग धरा. या वाटेवर चढ, अरुंद वळणं, खड्डे, झाडांच्या खाली आलेल्या फांद्या आणि वाडीत लोंबणाऱ्या सर्व्हिस वायरी, सगळं भेटतं. गाडीची खरी उंची टेपनं मोजून, सोलर आणि एसी धरून, ड्रायव्हरसमोर चिकटवून ठेवा. रेल्वेखालच्या मोऱ्यांपाशी आणि कित्येक गावांच्या वेशीवर लोखंडी आडवे बार लावलेले असतात, तिथं अंदाजावर गाडी घालायची नसते.

दुसऱ्या दिवशी बोरघाट उतरून खोपोलीला जा. थोड्याशा अंतरात साडेपाचशे मीटर खाली उतरणं आहे. वरून निघतानाच गिअर खाली घ्या, ब्रेकला पाय कमीत कमी लागू द्या. खाली पोचल्यावर उतरून चाकांपाशी वास घ्या. लायनर जळल्याचा वास आला तर गाडी तिच्या ब्रेकच्या मानानं जड आहे, मग आतली गादी कितीही मऊ असू दे.

रात्री भर पावसात गाडी आधी नाक वर करून उभी करा, दोन-तीन तासांनी नाक खाली करून. सपाटीवर न गळणारा सांधा एका बाजूला कलल्यावर गळतो, कारण टपावरचं पाणी तेव्हाच तिथं साचतं. सकाळी सगळ्या गाद्या उचलून खालून हात फिरवा, कपाटांच्या कोपऱ्यांत, खिडक्यांच्या रबराखाली. जुनी गाडी घेत असाल तर दार उघडल्याबरोबर पहिला श्वास नाकानं घ्या. अत्तर किंवा फवारा मारलेला असेल तर बुरशी झाकलेली आहे असं समजा.

मुक्कामाच्या जागेबद्दल आग्रह धरतो, कारण तुम्हाला पाणी दिसलं की तिथंच थांबावंसं वाटतं. धरणाच्या पोटात, ओढ्याच्या पात्रात, धबधब्याच्या खाली गाडी लावायची नाही. जूनमध्ये कोरडं दिसणारं पवनेचं काठावरचं रान ऑगस्टमध्ये पाण्याखाली असतं. भुशी धरणामागं ३० जून २०२४ रोजी एकाच घरातली पाच माणसं वाहून गेली. वर डोंगरात पाऊस झाला आणि खाली क्षणात लोंढा आला. त्यानंतर त्या पावसाळ्यात प्रशासनानं संध्याकाळी सहानंतर पर्यटनस्थळी थांबायला बंदी घातली होती. निघण्याआधी त्या वर्षीचे आदेश बघा. गावात शिरलात तर आधी घरमालकाला किंवा पोलीस पाटलाला भेटा, रात्री इथं थांबू का विचारा, दूध-भाजी तिथूनच घ्या. पवन मावळातली माणसं अशा वेळी नाही म्हणत नाहीत, पण न विचारता भाताच्या खाचरात गाडी घातलीत तर योग्य तेच ऐकून घ्याल. चाकं रुतली तर हातात असावं म्हणून गोणपाटाचे चार तुकडे, एक फावडं आणि ओढायचा दोर सामानात ठेवा. स्टेपनी गाडीखाली असेल तर ती चिखलातही काढता येते का हे बाळानं एकदा स्वतः करून पाहावं.

गाडी ठरत आली की सांगा. बयाण्याआधी मला एकदा दाखवा, खाली वाकून बीम आणि गॅसच्या पेटीचं भोक मी बघेन, आणि आपण तिघं तळेगावच्या वजनकाट्यावर जाऊ. येताना आरसीची झेरॉक्स आणि बांधणाऱ्याचं एआयएस-१२४ चं पत्र बरोबर आणा. मंगळवार ते गुरुवार कधीही या.